पाथरीचे कुलकर्णी आणि गंगाखेडची जनी



या वसंत व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मी वंशावळीचा विषय सुचवला, तेव्हा चालकांपैकी एका स्नेह्यांनी हसून विचारले, "हमालांची संघटना चालवणाऱ्या माणसाला घराण्यांची ही उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. वंशावळ म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो देशमुखांचा वाडा, कापडात बांधून ठेवलेले कागदांचे रुमाल आणि त्यांतली ती लांबच लांब भेंडोळी. मोंढ्यात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाचा तिच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो सरकारी नियमांनीच जोडून दिला आहे. आपल्या राज्यात जातीचा दाखला काढायचा आणि त्याची पडताळणी करून घ्यायची, तर आपले पूर्वज एका ठराविक तारखेस कोठे राहत होते हे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. मुलीला कॉलेजात जागा मिळाली की बापाची धावपळ सुरू होते. अर्जासोबत वंशावळ जोडा, असे सांगितले जाते; आणि ज्याने आजवर कधी घराण्याचा विचार केला नाही, तो माणूस मग आजोबांचे वडील कोण, ते कोणत्या गावचे, याचा शोध घेत हिंडू लागतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि आपल्या मराठवाड्यातील निजामकाळचे मोडी व उर्दू कागद धूळ झटकून बाहेर आले. पुढे २०२५ साली तर "हैदराबाद गॅझेटियर" हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. मला त्यातून निघणारा एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. कोणाची वंशावळ उरते, आणि कोणाची बुडते?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते पटते की नाही हे पुढे आपल्याला ताडून पाहता येईल. ज्या कुळाला हक्क असतो त्याची वंशावळ उरते. ज्याला हक्क नाही, त्याची उरत नाही. रक्त सर्वांचेच पिढ्यान् पिढ्या वाहत आलेले आहे. कागद मात्र हक्काबरोबर चालतो.

जुन्या काळी वंशावळ लिहिली जाई ती बहुधा तंट्यापायी. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचे, थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती, असा वाद पडला की दोन्ही पक्ष गोतसभेपुढे आपापला करीना लिहून देत. आमचा मूळपुरुष अमुक, त्याने गाव वसवला, त्याचे पुत्र इतके, अशी हकीकत त्यात असे. निवाडा झाला की महजर होई, त्यावर साक्षी पडत, आणि तो कागद घरात देवासारखा जपला जाई. म्हणजे वंशावळ हा मुळात मालमत्तेचा पुरावा होता. आज तिच्याकडे आपण अभिमानाने पाहतो; ज्यांनी ती लिहिली ते तिच्याकडे सातबाराकडे पाहावे तसे पाहत होते.

आता गाव वसवला म्हणजे काय केले, हेही पाहू. आपल्या भाषेत गावाला "पांढरी" म्हणतात आणि शेतीच्या रानाला "काळी". जेथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, त्यांच्या मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ती जमीन पांढुरकी होते. पण पांढरी एकदा वसली की कायमची वसली असे नव्हते. दुष्काळ आला, फौज आली, साथ आली की गाव ओस पडे. इसवी सन १३९६च्या सुमारास दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. तो बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यानंतरची हकीकत दिली आहे. पश्चिम महाराष्ट्रातील ओसाड मुलूख पुन्हा लावण्यासाठी बहामनी दरबाराने दादू नरसू काळे नावाचा एक जाणता ब्राह्मण आणि दरबारचा एक तुर्की खोजा यांना पाठवले. जुन्या शिवा कोणाला सांगता येईनात, म्हणून दोन दोन, तीन तीन गावे एकात मिळवली गेली. जो कोणी जमीन कसील त्याला ती दिली. पहिल्या वर्षी सारा नाही, आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याचा तोबराभर धान्य. मला ही तोबऱ्याची गोष्ट फार बोलकी वाटते. राज्याला त्या वेळी माणसाची गरज होती, म्हणून सारा तोबऱ्यावर आला. माणूस स्थिरावला की तोबऱ्याचे पोते होते, हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पुढेही हीच रीत चालली. पाटील नव्या कुळाला कौल देऊन आणी, सारा वर्षावर्षाने चढत जाई, त्याला इस्तावा म्हणत. ज्यांची कुळे नष्ट झाली त्यांच्या जमिनीला "गतकुळी" असे नाव होते. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० नंतरच्या दशकात दख्खनच्या जमिनींची पाहणी करीत होता. त्याला गावोगाव थळझाडे नावाचे कागद आढळले. गावची जमीन थळांत वाटलेली आणि थळाला मूळ कुळाचे नाव. ते कुळ निर्वंश झाले, जमीन दुसऱ्याकडे गेली, तरी थळाचे नाव तेच राहिलेले! माणसे गेली आणि नाव मातीला चिकटून राहिले. पण येथेही लक्षात घ्या की थळ होते ते मिराशी कुळाचे. त्याच रानात नांगर धरणाऱ्या सालगड्याच्या नावाचे थळ कोठे नाही.

एवढी तयारी झाल्यावर आपण आपल्या जिल्ह्यात येऊ. वंशावळीची एक विलक्षण गोष्ट आपल्या पाथरीत घडलेली आहे. एका कुलकर्णी घराण्याच्या नावाने येथे दोन राज्ये लढली.

ही हकीकत फिरिस्ता या फारसी इतिहासकाराने दिली आहे. तो आधी अहमदनगरला निजामशाहीच्या सेवेत होता, पुढे १५८९ साली विजापुरास गेला आणि तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या सांगण्याप्रमाणे पाथरीचे कुलकर्ण एका ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने होते. काही कारणाने ते घराणे पाथरी सोडून विजयनगरच्या मुलखात गेले. अहमदशहा बहामनीच्या स्वारीत त्या घराण्यातला एक लहान मुलगा कैद झाला. त्याच्या बापाचे नाव बहिरव आणि मुलाचे तिमा किंवा तिमाप्पा. मुलाला मुसलमान करून शाही गुलामांत ठेवले आणि मलिक हसन असे नाव दिले. पोर हुशार निघाले, शहाजाद्याबरोबर फारसी-अरबी शिकले. बापाच्या बहिरव या नावावरून त्याला "बहिरू" म्हणत. शहाजाद्याच्या जिभेवर ते "बहिरी" झाले, आणि बहिरी म्हणजे ससाणा. कैद्याच्या बापाचे मराठी-कानडी नाव असे शिकारी पक्ष्याच्या रूपाने राजघराण्याला चिकटले.

हा मलिक हसन तेलंगणाचा सुभेदार झाला. १४८१ साली महमूद गावानचा शिरच्छेद झाल्यावर तोच बहामनी राज्याचा मुख्य कारभारी बनला, आणि १४८६ साली त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० साली स्वतंत्र झाला. त्याने वसवलेले अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि त्याचे राज्य ती निजामशाही. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वंश तिसऱ्या पिढीत तख्तावर बसला.

राज्य आले की नातलग येतात. विजयनगरच्या मुलखातले भाऊबंद अहमदनगरास आले. तख्तावर तेव्हा मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा होता. तो वयाने लहान असताना गादीवर आला होता आणि कारभार मुकम्मलखान दखनी पाही. नातलगांना आपली पाथरी हवी होती. पण पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीत, अगदी सरहद्दीवर. मुकम्मलखानाने अल्लाउद्दीन इमादशहाला लिहिले की, हा आमच्या पूर्वजांचा गाव आहे, तो आम्हाला द्या आणि बदल्यात याहून अधिक वसुलाचा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला आणि पाथरीचा कोट मजबूत करायला घेतला. १५१८ साली निजामशाही फौजेने अचानक हल्ला करून पाथरी घेतली. १५२७च्या सुमारास इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या मदतीने ती परत मिळवली. बुऱ्हाणाने वेढा घालून पुन्हा जिंकली, कोट जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. अकबराच्या कारकिर्दीपर्यंत तो त्यांच्याकडे चालला, असे फिरिस्ता लिहितो. भांडण मात्र तेथे थांबले नाही. इमादशहाने गुजरातच्या बहादुरशहाला हाक दिली, त्याची फौज दख्खनेत उतरली, आणि बुऱ्हाणाला काही काळ त्याच्या नावाने खुतबा वाचावा लागला.

या हकीकतीत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, येथे कुळाला धर्माची भिंत आड आली नाही. एक शाखा मुसलमान होऊन तख्तावर बसली, दुसरी ब्राह्मणच राहिली, आणि दोघांनी एकमेकांना नातलग म्हणून ओळखले. इतकेच नव्हे, सरहद्दीच्या पलीकडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून कैद करून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा होता. म्हणजे पाथरीच्या रणात दोन्हीकडचे राजे कैदेतून वर आलेल्या पोरांचे वंशज होते. आपापले रक्त शुद्ध ठेवल्याची फुशारकी मारणारांनी ही गोष्ट आठवावी.

दुसरी गोष्ट मी हमालाच्या नजरेने सांगतो. माल उचलण्याआधी वजन पाहावे. फिरिस्ताने हे लिहिले ते १५१८नंतर सुमारे नव्वद वर्षांनी. सरहद्दीवरचा कोट घ्यायचा असेल तर पूर्वजांचा गाव हे कारण किती सोयीचे! वंशावळ आधी आणि लढाई नंतर, की लढाईची गरज आधी आणि वंशावळीची आठवण नंतर, हे आपणच ठरवा. मला दोन्ही शक्य वाटतात. नातलग खरे असतील, आणि कारभाऱ्याला ते ऐन वेळी उपयोगी पडले असतील. पण एक निश्चित. ज्या घराण्याला कुलकर्णाचा हक्क होता, त्याला तीन पिढ्या परमुलखात काढूनही आपला गाव विसरता आला नाही. हक्क हाच आठवणीचा खुंटा होता.

तिसरी गोष्ट म्हणजे या साऱ्या कथेत नसलेली माणसे. बहिरवाचे नाव आहे. तिमाच्या आईचे नाव नाही. ज्या पोराला फौजेने ओढून नेले त्याची आई कोण, हे सांगण्याची जरुरी इतिहासाला भासली नाही. पाथरीचा कोट ज्यांनी बांधला, ज्यांनी पुढे पाडला, दोन वेढ्यांत ज्यांची ज्वारी घोड्यांच्या दाण्याला गेली, त्यांतील एकाचेही नाव उरलेले नाही. तेही पाथरीचेच होते, आणि पाथरी सोडून गेले नव्हते.

आता पाथरीहून गंगाखेडला चला. या दोन्ही गावांना गोदावरीचेच पाणी. गंगाखेडला, परंपरेप्रमाणे, दमा आणि करुंड या शूद्र मानल्या गेलेल्या जोडप्याच्या पोटी जनाबाई जन्मली. आई गेली, आणि बापाने मुलीला पंढरपुरी दामाशेटींच्या घरी ठेवले. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. त्या घरात ती दळण-कांडण करीत आयुष्यभर राहिली. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, म्हणजे तिचाही तोच. पाथरीच्या तिमाच्या आधी शंभर वर्षांहून अधिक काळ लोटलेला.

नामदेवांच्या घरातली माणसे आपल्याला नावानिशी माहीत आहेत. आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा आणि महादा. सुनांचीही नावे आहेत. ती उरली कशामुळे? नामदेवांच्या आणि जनाबाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत ती आली म्हणून. दासीच्या तोंडी मालकाच्या घराची वंशावळ राहिली. तिच्या स्वतःच्या घराण्याचे काय? दमा आणि करुंड, एवढ्यावर वंशावळ संपते. भाऊ होते का, आजा कोण, गंगाखेडात ते कोठून आले, काही नाही. ती स्वतःची ओळख देते तीही नामदेवांच्या नावाने. पण एक फरक झाला. तिची आपली म्हणून शब्दांची मिळकत होती, आणि त्या मिळकतीपायी तिच्या आईबापांची नावे सातशे वर्षे टिकली. तिच्या काळच्या गोदाकाठच्या दुसऱ्या एखाद्या दळणाऱ्या बाईच्या आईचे नाव कोणी सांगू शकेल काय?

कोणी म्हणेल, ही गोष्ट आपल्याच देशाची. जातीमुळे असे झाले. म्हणून जरा दूर पाहू. अमेरिकेत सरहद्दीवर जाऊन पहिली वस्ती करणाऱ्या घराण्यांचा मोठा मान आहे. १८६२च्या कायद्याने तेथे वस्ती करणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षे राहावे आणि कसावी, अशी अट होती. त्या जमिनीच्या कागदांत कुटुंबाची माहिती असते, आणि आज त्यांचे वंशज त्यावरून आपली घराणी लावतात. पण ती जमीन ओस नव्हती. तेथे जे मूळ लोक राहत होते, त्यांना हटवून ती मोकळी केली होती. आणि त्याच देशात १८५० व १८६० सालच्या शिरगणतीत गुलामांची जी पत्रके आहेत, त्यांत गुलामाचे नाव लिहिलेले नाही. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. गुलामगिरी उठल्यावर १८७०च्या शिरगणतीत बहुतेकांची नावे पहिल्यांदा आली. म्हणून आजचा काळा अमेरिकन आपले कूळ शोधू लागला की १८७०पाशी येऊन अडतो. हक्क आला त्या वर्षी नाव आले.

याच्या उलट मॉरिशस पाहा. १८३४पासून तेथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर गेले. एकूण सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तेथे उतरली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. हाल पुष्कळ झाले. पण कराराचा कागद असल्यामुळे प्रत्येक मजुराला क्रमांक देऊन त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव अशी नोंद वहीत झाली. त्या वह्या तेथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि त्यांवरून मजुरांचे पणतू आपले मूळ गाव शोधतात. वंशावळीसाठी त्या वह्या कोणी लिहिल्या नव्हत्या. मजूर पळून जाऊ नये म्हणून लिहिल्या होत्या. तरीही लिहिलेले नाव कामी आले.

आता आपल्या घरी या. आपल्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून दर वर्षी ऊस तोडायला माणसे जातात. मुकादमाकडून उचल घेतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक "कोयता" धरतात. कोयता नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठते, ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. वहीत तिचे नाव नाही. हे आणि अमेरिकेतले ते गुलामांचे पत्रक सारखेच आहे, असे मी म्हणणार नाही. पण पन्नास वर्षांनी तिची नात विचारील, "आजी कोठे काम करीत होती?" तेव्हा तिला काय दाखवायचे? मोंढ्यातल्या हमालाचे त्या मानाने बरे. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, आणि जेथे तो नीट लागू झाला तेथे कामगाराची नोंद झाली, क्रमांक मिळाला. संघटना मजुरी वाढवण्यासाठी असते हे खरेच. पण हजेरीपटावर नाव लागले पाहिजे, हा आमचा आग्रह का असतो, ते आता आपल्या ध्यानी येईल. नोंद नाही त्याला अपघात झाला तर भरपाई नाही, म्हातारपणी निधी नाही, आणि नातवाला वंशावळ नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या एका हमाल सभासदाच्या मुलीच्या दाखल्यासाठी आजोबांचा पुरावा हवा होता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, जमीन नव्हती, खरेदीखत नव्हते. महिनाभर शोध चालला. शेवटी घरातली एक म्हातारी म्हणाली की, धाकटे चुलत आजोबा एक वर्ष शाळेत जात होते. त्या गावच्या शाळेचा जुना दाखल-खारीज रजिस्टर निघाला. नोंद उर्दूत, सन १३५५ फसली. निजामकाळच्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९४५-४६. त्या मुलाचे एक वर्षाचे शिक्षण तीन पिढ्यांनंतर पोरीच्या उपयोगी पडले. आणि तो धागा सापडला तो कागदात नव्हे, त्या म्हातारीच्या तोंडी.

म्हणून ज्यांना आपले घराणे शोधायचे आहे त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो. आरंभ मूळपुरुषापासून करू नये. तो मोह टाळावा. स्वतःपासून मागे जावे, एकेक पिढी पक्की करीत. आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे, कारण सोयरिकी त्यांच्या ध्यानात असतात. आणि आजीचे माहेर कळले की दुसऱ्या गावचे दार उघडते. मग शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे पाहावेत. जमीन असेल तर सातबारावरून फेरफार, फेरफारावरून वारसनोंदी, आणि तेथून १९५४-५५च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जावे. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या आणि १९५०चा कूळकायदा आला. त्या घालमेलीत कोण कुळाचा मालक झाला आणि कोणाचे नाव गळाले, हे त्या पत्रकांत दिसते. पैठण, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे गावासह त्यांत असतात. रेल्वे, जिनिंग, दुष्काळी कामे यांवर घरातले कोणी होते काय, ते विचारावे. १९०० सालच्या आगेमागे मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आपल्या भागातून गेली, आणि परभणी, सेलू, मानवत, पूर्णा येथे कामासाठी किती तरी घरे येऊन राहिली. त्यांना कोणी कौल दिला नव्हता. तरी या शहरांची पांढरी वसवणारे तेच. आणि शेवटी शेतांची, विहिरींची, पाणंदीची नावे लिहून घ्यावीत. साइक्सला जे थळझाड्यात सापडले, ते आपल्याला गुराख्याच्या तोंडी सापडेल.

दुसरी सूचना सावधगिरीची. वंशावळीत मोठे नाव आले की हात आखडावा. ज्या पाथरीच्या कुलकर्ण्यांसाठी लढाई झाली, त्याच पाथरीवरून २०२० साली साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद पेटला, शंभर कोटींच्या निधीची घोषणा झाली आणि शिर्डीकरांनी बंद पाळला. ज्या फकिराने आपली जात आणि कूळ कधी सांगितले नाही, त्याचे कूळ ठरवण्यासाठी आपण भांडलो. खरेखोटे संशोधक पाहोत. पण वंशावळीपाठोपाठ हक्क आणि पैसा चालत येतो, हे पाचशे वर्षांत बदललेले नाही. म्हणून ज्या कागदाने कोणाचा लाभ होणार आहे, तो दोनदा वाचावा.

तिसरी सूचना या सभागृहात बसलेल्या सर्वांसाठी आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे वंशावळ लिहिलेली असेल. ती घरी जाऊन उघडा आणि पाहा, तिच्यात बायकांची नावे किती आहेत. बहुतेक ठिकाणी पुरुषाखाली पुरुष, आणि निपुत्रिक असेल तेथे रेघ संपलेली. मुली जणू झाल्याच नाहीत. शाई घ्या आणि जेवढी नावे ठाऊक असतील तेवढी लिहा. आजी, पणजी, परत आलेली आत्या, लग्न न झालेली बहीण. आपल्या घरी तीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय, हेही एकदा स्वतःला विचारा. दुकानात, गोदामात, आडतीवर माणसे कामाला असतील, तर हजेरीच्या वहीत त्यांचे, त्यांच्या बापाचे आणि आईचे नाव, गावासह लिहा. त्याला खर्च येत नाही. कायदा तर ते मागतोच; पण कायद्याने मागितले नसते तरी ते करण्यासारखे आहे.

पाथरीच्या घराण्याला आपला गाव परत मिळवून द्यायला एक राज्य पाठीशी होते. गंगाखेडच्या मुलीला तिच्या शब्दांनी तारले. बाकीच्या लाखो माणसांपाशी ना राज्य होते, ना लेखणी. त्यांचा हक्क कामाचा आहे, आणि कामाची नोंद करणे आपल्या हातात आहे. पुढच्या पिढीतला कोणी आपले कूळ शोधत परभणीला आला, तर त्याला एखाद्या हजेरीच्या वहीत आपल्या आजीचे नाव सापडावे, एवढी व्यवस्था आपण करून ठेवू या.